सहा फुटांच्या आत

परदेशीपुरा या मिलकामगारांच्या वस्तीतल्या मुकुल गंधेच्या बाबतीत घडलेली गोष्ट आहे, पोरांनो. त्याच्या तोंडून ऐकली तशी सांगतो. तारीखसुद्धा त्याला पाठ आहे. नऊ डिसेंबर दोन हजार चार, गुरुवार. अमावास्या वगैरे काही नव्हती.

मुकुल कंप्युटर दुरुस्त करायचा. त्या संध्याकाळी त्याला निवेदिता मॅडमनी बोलावून घेतलं. बंद पडलेल्या एका मिलच्या आवारातलं जुनं हजेरी ऑफिस भाड्यानं घेऊन त्यांनी अमेरिकेतल्या डॉक्टरांचे रिपोर्ट टाइप करायचं काम सुरू केलं होतं. टाइप करायला चार मुली, चार बिनतारी कीबोर्ड, चार माउस, सगळं नवं कोरं. पण एकीनं टाइप केलेलं दुसरीच्याच पडद्यावर उमटायचं, आणि अंधार पडला की बाण आपोआप पळायचा. मॅडम म्हणाल्या, "मुकुलजी, उद्या सकाळी हे ठीक झालं नाही, तर मुली येणार नाहीत. दोघींनी तर साफ सांगून टाकलंय." वॉचमन विष्णूकडे किल्ल्या देऊन त्या सातला घरी गेल्या.

मुकुलला त्यात भूतखेत काही दिसलं नाही. दोन कीबोर्ड एकाच चॅनलवर असले की असा घोळ होतोच. त्यानं चारही चॅनल वेगळे केले. रिसीव्हर, म्हणजे कंप्युटरला वायरनं जोडलेल्या त्या काड्यापेटीएवढ्या डब्या, लोखंडी कपाटाला चिकटून ठेवलेले होते. ते उचलून टेबलांवर आणले. साडेआठला सगळं सुरळीत झालं. सामान आवरून तो निघणार, तेवढ्यात एका पडद्यावर आकडा उमटला.

१४०९.

कीबोर्डला कुणाचाही हात नव्हता. मुकुलनं बाकीचे तीन कंप्युटर बंद केले. चारही कीबोर्डांतले सेल काढून खिशात घातले. घड्याळात पावणेनऊ झाले होते.

१६३२.

मग २०१८. एकाखाली एक, सावकाश, कुणीतरी एका बोटानं टाइप करावं तसे.

विष्णू चहा घेऊन आला आणि पडदा बघून जागीच थांबला. तो पूर्वी याच मिलमध्ये माग चालवायचा. म्हणाला, "भिया, हे बिल्ल्याचे नंबर आहेत." पाळीवर येताना कामगार या खोलीच्या जाळीच्या खिडकीतून पितळी बिल्ला आत सरकवायचे, की हजेरी लागायची. १४०९ म्हणजे मारुती. १६३२ श्रीराम. दोघांच्या मयतीला विष्णू स्वतः गेला होता. पुढचे आकडे येत गेले तशी तो नावं सांगत गेला.

मुकुलनं विचारलं, यातलं कुणी जिवंत आहे का?

विष्णूनं बराच वेळ आठवून बघितलं. "एकही नाही, भिया."

मुकुल खाली बसला. त्याचे वडील गजानन याच मिलमध्ये होते. ब्याण्णव साली मिल बंद पडली तेव्हा मुकुल चौदा वर्षांचा. देपालपूरला काम बघून येतो म्हणून वडील एका सकाळी निघाले, ते परतलेच नाहीत. ना पत्ता, ना निरोप. आता बारा वर्षं भरत आली होती. नातेवाईक म्हणत होते, विधी उरकून घ्या. आई, शारदाबाई, कुणाचंही न ऐकता रोज कुंकू लावत होती.

वडिलांचा बिल्ला मुकुलला पाठ होता. १८४७.

तेव्हाच उठून जायला हवं होतं. पण पाय निघेना. त्या डबीला सहा फुटांपलीकडचं काही पकडता येत नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. म्हणजे जो कुणी होता, तो जवळच होता. त्यानं लांब वायर जोडली, डबी हातात धरली आणि खोलीत फिरायला लागला. दाराशी आकडे तुटके आले. कपाटापाशी आलेच नाहीत. खिडकीकडे सरकला...

स्वच्छ आले.

तो खिडकीला पाठ करून उभा राहिला. नजर पडद्यावर.

१७९०.

२२०३.

विष्णू पडद्याकडे बघत नव्हता. तो मुकुलच्या मागे बघत होता.

"काय आहे?"

विष्णू एक पाऊल मागे सरकला.

१...

८...



४...

त्यानं वायर उपटली.

सगळं थांबलं. विष्णूनं दिवे तसेच ठेवून कुलूप लावलं.

चौथा आकडा कोणता होता, ते मुकुलला आजही माहीत नाही. एकशे चौऱ्यांशीनं सुरू होणारे दहा बिल्ले असतात, असं तो स्वतःला सांगतो.

घरी पोचायला दहा वाजले. आईनं ताट वाढलं. भाजी वाढता वाढता तिचा हात थांबला. मुकुलच्या खांद्यावर, मागच्या बाजूनं, शर्टाला रुईचे बारीक तंतू चिकटले होते. पाळी संपवून आलेल्या माणसाच्या अंगावर असायचे तसे. बारा वर्षांत त्या आवारात कापूस आला नव्हता.

तंतूंच्या चार ओळी, बोटांएवढ्या. आणि जरा बाजूला, आखूड, पाचवी.

मुकुल झटकायला गेला. आईनं त्याचा हात धरला.

"राहू दे," ती म्हणाली.