फलाटावरचा माणूस

सलग दुसऱ्या वर्षी बीटी कपाशीत गुलाबी बोंडअळी शिरली, तेव्हा साखरखेर्ड्याचं वावर आईवर सोपवून मी आणि माझी बायको काजल पुण्याला आलो. मी एका सोसायटीत रात्रपाळीचा वॉचमन झालो. काजलला मेट्रोच्या भुयारी स्टेशनात काम मिळालं. निळा गणवेश घालायचा, शिट्टी वाजवायची आणि लोकांना फलाटावरच्या पिवळ्या रेषेमागं ठेवायचं. मी घरी यायचो तेव्हा ती निघायची. आमचं बोलणं उंबरठ्यातच व्हायचं.

गावी ती क्वचित हसायची. दिवाळीनंतर मात्र भाकरी थापतानाही गुणगुणायला लागली. एका संध्याकाळी ती आत आली, तर तिच्या केसांना उन्हात तापलेल्या कपाशीच्या पऱ्हाटीचा वास येत होता.

“कुठं गेलती?”

“कुठं जाऊ? दिवसभर जमिनीखालीच होती.” मग ती लाजली. “वावरातल्या आंब्याखाली घर बांधू म्हनले ना तुमी, तेच घोळून राह्यलं डोक्यात.”

“मी कवा म्हनलो?”

“दुपारी. काऊन गंमत करता?”

दुपारी मी घरी झोपलो होतो. कोणीतरी होता, आणि ही गोंधळून त्याचे शब्द माझ्या तोंडी घालत होती. त्या रात्री गेटवर बसून मी त्याचे हात रचले, त्याचा शर्ट रचला. तिला हसवताना तो मान कशी कलती करत असेल, तेही रचलं. माझ्या विनोदावर ती शेवटची कधी हसली होती, ते काही आठवेना.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी न झोपता स्टेशन गाठलं. सरकत्या जिन्यानं खाली जाताना रस्त्याचा गोंगाट वरच राहिला. हवा गार होत गेली, ओल्या सिमेंटचा वास यायला लागला. बॅगा तपासायच्या यंत्रापाशी काजलच्या सोबतचा अकील होता, देऊळगाव राजाचा. त्यानं माझ्याकडं पाहिलं, मग माझ्या मागं पाहिलं.

“काही विसरले का भाऊ? आत्ताच तं खाली गेले तुमी.”

मी खाली उतरलो.

फलाट जवळजवळ रिकामा होता. पार टोकाला काजल एका पाठमोऱ्या माणसाशी बोलत होती. तिनं त्याच्या खांद्यावरचा कापसाचा तंतू नखानं अलगद टिपला. माझ्या खांद्याला तिचा हात इतक्या मायेनं कधी लागला नव्हता.

मी धावलो. बोगद्यातून वारा सुटला.

तो वळला.

चेहरा माझा होता. रापलेला, भरलेला, झोप झालेला. इतका चांगला मी कधीच दिसलो नव्हतो.

“काजल!”

तिनं शिट्टी वाजवली.

“मागं सरका, दादा,” ती म्हणाली. रोजच्या शेकडो अनोळखी माणसांना म्हणते तसं.

गाडी आली. दोघं आत गेले. दार मिटलं.

ती घरी आली नाही. सकाळी मी आईला फोन लावला.

“माय, काजल तिकडं आली का?”

“आली ना. दोघंही आले पहाटंच. तुमी कोन?”

“मी भागवत, माय.”

ती फोन बाजूला धरून कुणाला तरी म्हणाली, “अरे भागवत, हा तुह्या नावानं बोलून राह्यला.”

“ठेव, माय,” पलीकडून माझा आवाज आला. “रोजच करते तो.”