शेवंतीची दुपारची रात्र

एक सांगा मला, माणसानं भरवसा कुणावर ठेवावा? स्वतःच्या डोळ्यांवर, सख्ख्या बहिणीवर, की कुंडीतल्या झाडावर?

हसू नका. ते स्टूल ओढा आणि बसा निवांत. डझनभर बल्ब एकेक लावून दाखवायचे म्हणजे तेवढा वेळ जाणारच. लावून दाखवल्याशिवाय मी बल्ब देत नाही. एकदा एक गृहस्थ तीन वेळा बल्ब परत घेऊन आले. लागत नाही म्हणून इतके भांडले की रस्त्यावरची माणसं थांबली. शेवटी मी त्यांच्या घरी गेलो, तर चार दिवसांपासून वीजच नव्हती. तेव्हापासून या बाबतीत कुणाच्या शब्दावर जात नाही.

तर तुम्हाला बंद खोलीत झाडं वाढवायची आहेत. वाढतात की. ते महागडे जांभळे दिवे लागत नाहीत, हे घरगुती नऊ वॅटचे पुरतात. दोन पांढरे आणि एक पिवळा. पानाच्या उंचीवर तळहात धरायचा, ऊब लागली तर दिवा वर घ्यायचा. मी शाळा अर्ध्यात सोडलेला माणूस, पुस्तकातलं काही मला येत नाही. पण हे मी करून बसलोय. वायरच्या भेंडोळ्यांमागे ते कुलूप लावलेलं दार दिसतंय ना, त्या खोलीत.

माझ्या बायकोचे डोळे जायला लागले होते. डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून हळूच सांगितलं, चार महिने, फार तर पाच. दार नीट लागलं नव्हतं आणि तिनं सगळं ऐकलं, हे मला नंतर कळलं. घरी येताना ती चालता चालता म्हणाली, "अहो, आईकडची पांढरी शेवंती लावलीय ना गच्चीवर, ती एकदा फुललेली बघायचीय मला. मग काय व्हायचं ते होऊ दे."

शेवंती फुलते थंडीत. थंडीला सात महिने होते.

रोपं विकणारे एक माळीबुवा माझं जुनं गिऱ्हाईक. त्यांना विचारलं. ते म्हणाले, "शेवंतीला थंडी कुठली कळतेय? ती रात्र मोजते. चौदा तासांची काळीकुट्ट रात्र रोज द्या तिला, भर उन्हाळ्यात कळी धरेल."

झालं. मागच्या खोलीला खिडकी नाही. भिंतींना चंदेरी कागद चिकटवला, दाराच्या फटीत काळं कापड कोंबलं आणि सहा कुंड्या खाली आणल्या. दिवे लावायचे रात्री आठला, दुकान बंद करताना, आणि विझवायचे सकाळी सहाला. म्हणजे आमची रात्र हा तिचा दिवस आणि आमचा दिवस ही तिची रात्र. उलटं का? तर दिवसभर मी त्या दारासमोर बसलेला, किल्ली माझ्या कमरेला. माझ्या नाकासमोरून माशीसुद्धा आत जायची नाही. मोठा हुशार ना मी!

चार आठवड्यांत कळी दिसायला हवी होती. पाच झाले, सहा झाले. पानं अशी टरारलेली की बघत राहावं, पण कळीचा पत्ता नाही. आणि वर घरात बायको ताटात काय वाढलंय ते वासावरून ओळखायला लागलेली.

माळीबुवांना आणून दाखवलं. त्यांनी शेंडा दोन बोटांत धरून उलटसुलट पाहिला.

"भाऊ, तुमची रात्र फुटतेय."

"म्हणजे?"

"मधेच कुणीतरी उजेड करतंय. अगदी मध्यावर. घटकाभर जरी उजेड पडला ना, तरी ती एका रात्रीच्या दोन छोट्या रात्री धरते. मग कसली फुलते?"

सकाळी सहा ते रात्री आठचा मध्य म्हणजे दुपारचा एक. एक वाजता मी डबा उघडून जेवत असतो, इथेच, दारासमोर. पण हात धुवायला मोरीवर जातो खरा. दोन मिनिटं. आणि किल्ली तेवढ्यापुरती गल्ल्यावर. माझा संशय गेला ताईवर. ताई म्हणजे माझी थोरली बहीण, आमच्याकडेच असते.

"ताई, तू दुपारी मागच्या खोलीत जातेस का गं?"

"मी?" तिनं हातातला आमटीचा डावच खाली ठेवला. "कुलूप तुझं, किल्ली तुझी, दारात हत्तीसारखा तू बसलेला, आणि चोर मी? कुलपाच्या भोकातून जाते का मी? तेवढी बारीक असते तर गुडघे दुखले असते का माझे?"

दोन दिवस ताट असं आपटून ठेवायची की वाटी उडायची. बोलली मात्र नाही. मला वाईट वाटलं, पण संशय काही जाईना. व्यापारी माणूस. मी रोज सकाळी सगळे बल्ब काढून टोपलीत घालून वर न्यायला लागलो. त्या खोलीचा फ्यूजही काढून खिशात ठेवला.

शेजारी एक फोटोवाला होता, जुन्या पद्धतीनं अंधाऱ्या खोलीत फोटो धुणारा. त्याच्याकडून एक कागद आणला. उजेड पडला की काळा पडणारा. पहाटे दिवे विझवल्यावर अंधारात चाचपडत तो कुंड्यांच्या मागे भिंतीला टेकवून ठेवला, रात्री आठला तसाच अंधारात काळ्या पाकिटात घातला. फोटोवाल्यानं तो माझ्यासमोर धुतला.

कागद काळा पडला. त्या काळ्यात पानांच्या पांढऱ्या सावल्या उमटल्या, इतक्या रेखीव की शिरा मोजाव्यात.

फोटोवाल्यानं कागद दिव्याजवळ नेला. मग म्हणाला, "भाऊ, नीट बघा. प्रत्येक पानाला दोन सावल्या आहेत."

"मग?"

"म्हणजे दिवे दोन." त्यानं पट्टी घेतली, काहीतरी मोजलं, पुन्हा मोजलं. "एकमेकांपासून अडीच इंचांवर. आणि जमिनीपासून... उकिडवं बसलेल्या माणसाचं तोंड येईल तेवढ्यावर. असले दिवे बसवतं कोण?"

"खोलीत एकही बल्ब नव्हता रे."

त्यानं कागद माझ्या हातात दिला आणि टॉवेलला हात पुसत राहिला, कोरडे झाले तरी. "पुन्हा असला कागद माझ्याकडे मागू नका."

दुसऱ्या दिवशी मी ताईला दुकानावर बसवलं. काय पाया पडलो ते माझं मला माहीत. तिला म्हटलं, मला आत घालून बाहेरून कुलूप लाव आणि दोनच्या आत उघडू नकोस.

बाहेर रणरणतं ऊन, आणि आत स्वतःचा हात दिसेना. ओल्या मातीचा वास, शेवंतीच्या पानाचा तो कडवट वास. दारापलीकडे ताई कुणालातरी म्हणत होती, "भाव एकच, पटला तर घ्या." मग हळूहळू तो आवाज लांब गेला, विहिरीच्या काठावरून आल्यासारखा. मी कुंड्यांच्या मागे, भिंतीला पाठ लावून बसलो होतो.

उजेड आला, असं नाही म्हणता येणार. आधी एका पानाची कड दिसली. मग दुसऱ्याची. कुठून येतोय ते दिसेना, कुणीही नव्हतं, पण तो सरकत होता. एका शेंड्यावर थांबला, मग पुढच्या. सावकाश... घाई नाही. आई झोपलेल्या लेकरांवरून नजर फिरवते तसा. तिसऱ्या कुंडीपाशी खाली उतरला आणि तिथे बराच वेळ राहिला.

मग तो वर वळला, माझ्याकडे.

माझ्या शर्टाची गुंडी दिसली, हात दिसले. मग डोळ्यांत आला. आणि खरं सांगतो, भीती नाही वाटली. ओळखीचा वाटला. सत्तावीस वर्षं ताटासमोर बसून मी तो झेललाय. भीती नंतर वाटली, जिना चढताना.

वर बायको खाटेवर बसली होती. डोळे उघडे, समोर जेवण तसंच.

"अहो," ती म्हणाली, "अंधारात कशाला बसला होतात? तिसऱ्या कुंडीचं खालचं पान पिवळं पडलंय, तेवढं खुडून टाका."

"तुला... कसं..."

"एक वाजला की इथलं सगळं जातं. भिंत, खिडकी, स्वतःची बोटं. आणि तिथलं दिसायला लागतं. आधी वाटलं स्वप्न आहे. तुम्हाला नाही सांगितलं. म्हटलं, तेवढं तरी बघायला मिळतंय..."

मी खाटेच्या कडेवर टेकलो. सांगायचं तर होतंच.

"तू बघतेस, म्हणून ती फुलत नाहीये गं."

तिनं समोरचं ताट चाचपून बाजूला सारलं. ताई दारात येऊन उभी होती, तिनं सगळं ऐकलं. बायको म्हणाली, "मी मुद्दाम नाही जात. डोळे मिटले तरी जातं ते. कुणी हात धरून बसलं तर... तर राहील कदाचित इथेच."

त्या दिवसापासून नऊ आठवडे, रोज एकच्या ठोक्याला, जिला मी चोर म्हटलं होतं ती माझी बहीण बायकोचा हात घट्ट धरून तासभर बसली. गुडघ्याच्या तक्रारी, शेजारणींची उणीदुणी, मी लहानपणी काय काय चोरून खाल्लं त्याची यादी, सगळं ऐकवलं. खाली रात्र अखंड राहिली. तेविसाव्या दिवशी कळ्या दिसल्या, ज्वारीच्या दाण्याएवढ्या. वर मात्र बायकोची नजर रोज थोडी थोडी सरत होती. फुलं उमलली तोवर डाव्या डोळ्याला नुसता उजेड-अंधार कळायचा.

"वर आणू का एक कुंडी?" मी विचारलं.

"नको. या डोळ्यांना नाही दिसायची आता. आज एक वाजता माझा हात सोडा."

ताईनं हात सोडला. मी खाली दुकानात उभा होतो. दाराच्या फटीतलं कापड काढून ठेवलं होतं, आणि एकला त्या फटीतून उजेडाची रेघ आली. वरून बायकोचं हसू ऐकू आलं. लग्नाच्या पहिल्या वर्षानंतर तसं हसू मी ऐकलं नव्हतं.

इथे मी चुकलो. माल दाखवून झाला की गिऱ्हाइकाच्या हातात दिल्याशिवाय दुकानदाराला चैन पडत नाही. मला वाटलं, बघतेच आहे, तर हातालाही कळू दे. मी दार उघडलं, सगळ्यात भरलेली कुंडी उचलली आणि बाहेर पडलो. पायानं दार ओढलं. कुलूप लावलं. तीस वर्षांची सवय, हाताला विचारावं लागत नाही.

कुंडी तिच्या मांडीवर ठेवली. तिची बोटं पाकळ्यांवरून फिरली. आणि हसू थांबलं.

"अहो... एक कुंडी कुणी नेली इथून?"

"मी. ही बघ ना, तुझ्याच मांडीवर आहे."

"मांडीवर आहे. कळतंय मला." आवाज इतका हळू की मी वाकून ऐकला. "पण मी अजून खालीच आहे. दोन वाजले का? परत... परत येता येत नाहीये."

मी जिन्यावरून पडत-धडपडत गेलो. तिची नजर आत कोंडून मीच लावलेलं कुलूप काढलं, दार सताड उघडलं, तिला हाका मारल्या. आत पाच कुंड्या आणि त्यांच्यावरून फिरणारा तोच उजेड. दार मग सहा महिने उघडंच ठेवलं. कुंड्या गच्चीवर नेल्या, भिंतीवरचा कागद खरवडला. काही उपयोग नाही. आजही ती वर खाटेवर बसते, ताई वाढते, आम्ही गप्पा मारतो, पण दिसते तिला फक्त ती खोली. रात्रंदिवस. रिकामे होल्डर, कोपऱ्यातलं जाळं, सगळं बरोबर सांगते. आता तिला सवय झाली आहे. माणसाला कशाचीही होते.

कुलूप पुन्हा लावलं ते तिच्याच सांगण्यावरून, आता आत कुणी जाऊ नये म्हणून. चार आठवड्यांपूर्वी ती एकदम म्हणाली, "अहो, आज सकाळी तिथलंही गेलं. अंधार झाला सगळा."

मला वाटलं, सुटली. म्हटलं, बरं झालं.

"नाही हो," ती म्हणाली. "कुणीतरी डोळ्यांवर हात ठेवला. ओला आहे. मातीचा वास येतो."

रात्री आठला हात निघाला. सकाळी सहाला पुन्हा. मी घड्याळ लावून बघितलं, तीनदा खात्री केली. दहा तास उजेड, चौदा तास अंधार, एका मिनिटाचा फरक नाही. कुणीतरी खाली काहीतरी लावलंय, आणि दिवा म्हणून माझी बायको वापरतंय. खोलीत मी आजही एक कुंडी ठेवलेली नाही. परवा आत जाऊन आलो, जमीन कोरडी ठणठणीत. पण काल रात्री हात निघाला तेव्हा तिनं मला जवळ बोलावलं. मग म्हणाली, "कळ्या धरल्यात. शेवंती नाही ही. कसली आहे, मला ओळखता येत नाहीये."

हा झाला तुमचा बारावा बल्ब. लागतोय ना? घ्या. एवढंच करा माझ्यासाठी. एक वही घाला, आणि किती वाजता दिवे लावले, किती वाजता विझवले, रोज लिहा. आणि तुम्ही दिला नाही असा उजेड कधी झाडांना मिळालेला दिसला, तर तोही लिहा, लाजू नका, कमी-जास्त करू नका. उजेडाचा हिशेब प्रामाणिकपणे ठेवा, साहेब. एवढी विनंती आहे.