डावीकडं झुकलेल्या रेघा

भांडगावच्या सुदर्शनचा पत्ता लागत नव्हता, पण त्याची चित्रकथा दर महिन्याला निघत होती.

‘तांबड्या चंद्राची मोहीम’. हवालदार सीमा पहिल्या अंकापासूनची वाचक. सुदर्शन बेपत्ता झाल्याची तक्रारही तिनंच नोंदवून घेतली होती. प्रकाशक म्हणाला, पानं त्याच्याच मेलवरून येतात. म्हणजे जिवंत आहे, रागावून गेला असेल. साहेबांनी तपास थांबवला.

नवा अंक वाचला आणि सीमा सरळ मळ्यावर आली.

सुदर्शनचे वडील मारुतराव ओट्यावर तोच अंक घेऊन बसले होते. “पोरगं खुशाल हाय,” ते म्हणाले. “चित्रं काढतंय म्हंजी जेवत असणारच.”

सुदर्शनचा धाकटा भाऊ गोकुळ डाव्या हातानं भराभर झेंडू तोडत होता. सीमा त्याच्याकडं गेली.

“या झेंडूच्या जागी विहीर होती ना?”

“कोरडी हुती. बुजवली.”

“कधी?”

“दिवाळीच्या आधी.”

“सुदर्शन गेला तेव्हा?”

गोकुळचा हात थांबला. “त्याच सुमाराला.”

“चित्रं तुलाही येतात?”

“दादानंच शिकवली.”

सीमानं जुना आणि नवा अंक शेजारी धरले.

“सुदर्शनच्या चित्रात सावलीच्या रेघा उजवीकडं झुकतात. उजव्या हाताच्या माणसाच्या तशाच झुकतात. तो गेल्यापासून त्या डावीकडं झुकल्यात. मी गोष्टीत रमले, माझ्या लक्षातच आलं नाही. आता या अंकात मोहिमेचा नायक, कॅप्टनच मेला. साथीदारांनी त्याला खड्ड्यात ठेवून वर मुरूम लोटला, त्यावर पिवळी फुलं. त्या चंद्रावर आजवर गवताचं पातंही उगवलं नव्हतं, गोकुळ. ही फुलं तुझ्या मळ्यातली आहेत.”

गोकुळ बांधावर बसला.

“ट्रॅक्टर मागं घेत हुतो. कानात गाणी. दादा मागं बसून चित्र काढत हुता, दिसलाच न्हाई. उचलला तवा श्वास न्हवता. घाबरलो. विहिरीत ठिवला आन् बुजवली. आबांना सांगायची हिंमत झाली न्हाई. दादाच्या मोबाईलवरनं पानं धाडत गेलो. अंक आला की आबा दोन घास जास्त खायचे.”

“मग कॅप्टनला का मारलंस?”

“पुढं काय सुचंना.”

मागं पानं सळसळली. मारुतराव वाफ्यात उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं. गोकुळकडं त्यांनी पाहिलं नाही.

“ताई, ह्यालाबी नेणार?”

“न्यावं लागेल, आबा.”

म्हाताऱ्यानं मान हलवली. मग ते बुजवलेल्या विहिरीवर वाकले आणि झेंडूची झाडं एकेक करून उपटू लागले.