नावाच्या मधला श्वास

बाईंची सारी नोकरी बाळंतपणाच्या खोलीत गेली. तेव्हा आजच्यासारखी यंत्रं कुठली? गरम पाण्याचं घमेलं, खरखरीत टॉवेल आणि आपले दोन हात. मूल रडलं नाही, तर पाठ चोळायची, तोंडाला तोंड लावून श्वास भरायचा. डॉक्टर मान हलवून आईकडे वळले, की बाई ते मूल खिडकीपाशी न्यायच्या आणि त्याला शेवटची हाक मारायच्या. निनावी कसं जाऊ द्यायचं? एकदा तोंडाला आलं तेच नाव त्यांनी कायमचं धरलं: अनोरी. ‘अनो’ म्हणायचं, बाळाच्या तोंडात श्वास फुंकायचा, मग ‘री’.

त्या हाकेला एकही मूल माघारी फिरलं नाही. हे नाव बाईंनी कधी कुणाला सांगितलं नाही, अगदी नवऱ्यालाही.

म्हातारपणी गुडघे दाखवायला गेल्या, तेव्हा दवाखान्याच्या बाकावर एक आई मुलीला हाका मारत होती. “अनो... री, इकडे ये.” बाईंना वाटलं, कान गेले आपले. मग बागेत ऐकलं. मग शाळेच्या फाटकाशी, एकाच दुपारी कितीदा तरी. मुलगे काय, मुली काय, सगळी अनोरी.

नातीला दिवस गेले होते. तिच्या बाळासाठी अंगडी घ्यायला गेल्या, तर दुकानदार हसला. “अनोरी नाव भरलेली अंगडी संपली, बाई. नावांचीही साथ येते, गोवरासारखी!”

शेजारच्या गिऱ्हाइकाच्या कडेवर त्याच नावाचं मूल होतं. बाईंनी विचारलं, “मध्ये थांबता का हो तुम्ही?”

“थांबावंच लागतं,” ती आई म्हणाली. “नाहीतर पोर बघतच नाही ना!”

बाई अंगडी न घेताच निघाल्या.

घरी नात पाय पसरून बसली होती. “आजी, नाव ठरलं.”

“ते नको.”

“अगं, मी अजून सांगितलंसुद्धा नाही!”

“तरी नको. दुसरं कुठलंही ठेव. दगड ठेव, धोंडा ठेव.”

नात हसली, पण आजीचा चेहरा बघून सावरून बसली. मग पोटावर हात ठेवून हळूच म्हणाली, “मला ते सुचलं नाही गं. आत बाळ लाथ मारतं ना, त्या तालावर ऐकू येतं.”

बाईंनी हट्ट सोडला नाही. नातीचा हात स्वतःच्या डोक्यावर ठेवून तिला ते नाव न ठेवण्याची शपथ घ्यायला लावली. ज्यांना त्या नावाने हाक मारली, ती सगळी थंड होऊन गेली होती. आपल्या घरातलं मूल त्या रांगेत उभं राहू द्यायचं नव्हतं.

मुलगी झाली. चांगली टाहो फोडून रडली. साधंसुधं, चारचौघींसारखं नाव ठेवलं. बाईंचा जीव भांड्यात पडला.

एका दुपारी नात न्हायला गेली होती. बाई पाळण्याशी बसल्या होत्या. खिडकी उघडी होती. खाली रस्त्यावर शाळा सुटल्याचा गलका.

बाळाची छाती हलेनाशी झाली.

बाईंनी ते उचललं, पाठ चोळली. हात अजून काही विसरले नव्हते. ठेवलेल्या नावाने हाक मारली. पुन्हा मारली. तोंडात श्वास भरला. ओठ निळे पडत चालले.

बाळाला घेऊन त्या खिडकीपाशी गेल्या. पाय आपोआपच तिकडे वळले.

“अनो,” त्या म्हणाल्या. श्वास फुंकला. “री.”

बाळाने खोल श्वास घेतला. डोळे उघडले आणि जुनी ओळख असावी तसं बाईंकडे पाहिलं.

बाईंना हुंदका आला. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच कुणीतरी माघारी फिरलं होतं. त्यांनी ते छातीशी धरलं आणि पुन्हा म्हणाल्या, “अनो...” पुढचं रडण्यात अडकलं.

खालचा गलका थांबला.

बाईंनी वाकून पाहिलं. दप्तरं पाठीला लावलेली मुलं रस्त्यात जागच्या जागी उभी होती. सगळ्यांच्या माना वर, खिडकीकडे. कुणी हसत नव्हतं, कुणी हलत नव्हतं.

तोंडं मात्र सगळ्यांची किंचित उघडी होती, आता कुणी श्वास भरेल म्हणून.