शेवंतीतल्या अकरा धामणी

मे महिन्यात एका दुपारी कुंदन पाणी द्यायला शेवंतीच्या मळ्यात शिरला, तर वाफ्यात एक मुलगी पालथी पडलेली! तो धावतच गेला.

"अहो, चक्कर आली का?"

"श्श… धामण आहे. नर. काल मीच त्याच्या शेपटीवर ठिपका लावला, तेव्हा नदीकाठी होता. आज तुमच्याकडे! या दिवसांत नर मादीला शोधत नुसते भटकतात."

"आणि मादी?"

"ती कशाला भटकेल?" मुलगी हसली… आणि इकडे पाणी पाट फोडून शेजारच्याच्या वांग्यात गेलं.

ती मनीषा. नाशिकच्या कॉलेजात शिकत होती. कोणत्या ऋतूत नर साप कुठे राहतो आणि मादी कुठे, हा तिचा अभ्यास. मखमलाबादच्या शिवारात तिने सगळ्यांना सांगून ठेवलं होतं – धामण दिसली की फोन करा.

पावसाळ्यात एका मादीने कुंदनच्या उसाच्या पाचटाच्या ढिगात अंडी घातली. आत ऊब असते, ओल असते. अंड्यांना तेच लागतं. कुंदनने आईशी भांडून तो ढीग हलू दिला नाही. मनीषा दिवसाआड यायची. पण पिल्लं निघाली, थंडी पडली, साप दगडी बांधाच्या फटींत गेले. मनीषाही येईनाशी झाली.

कुंदनला काही करमेना. जानेवारीत एकदा पहाटे सहालाच त्याने फोन लावला.

"मॅडम, धामण! शेवंतीत!"

सातला मनीषा हजर. मफलर गुंडाळलेला, नाक लालबुंद.

"कुठंय?"

"आत्ताच गेली."

"नर की मादी?"

"मादीच. लाजत होती."

मनीषाने गंभीरपणे वहीत लिहून घेतलं. कुंदनच्या आईने, भागुबाईंनी, आल्याचा चहा दिला. असं एकदा नाही, अकरा वेळा झालं.

फेब्रुवारीत ती वही घेऊन आली.

"उद्या हे सगळ्या कॉलेजपुढे मांडायचंय. भर थंडीत, पहाटे, उघड्यावर मादी! असं आजवर कुणी पाहिलेलं नाही."

कुंदन पेचात पडला. खरं सांगावं तर ही पुन्हा मळ्यात पाय ठेवणार नाही. न सांगावं तर उद्या सगळं कॉलेज तिला हसेल.

"नका मांडू," तो पुटपुटला. "एकही धामण नव्हती. तुम्ही येतच नव्हता, म्हणून मी…"

"मेल्या!" भागुबाई ओट्यावरून कडाडल्या. "थंडीत पोरीला पळवलंस व्हय रे? अन् मी आपली आलं किसत बसले!"

मनीषा शांतपणे म्हणाली, "ऊन चांगलं तापल्याशिवाय साप थंडीत बाहेर पडत नाही. मला पहिल्याच फोनला कळलं होतं. फक्त… तुम्ही कधी बोलताय ते बघायचं होतं."

तिने वहीचं शेवटचं पान उघडलं. तिथे अकरा वेळा एकच नोंद होती – 'नर. हिवाळा. सकाळी सात. बांधावर, रस्त्याकडे डोळे लावून. अंगावर आईची शाल.'

कुंदन कानापर्यंत लाल झाला. "पण मग… कळलं होतं, तर अकराही वेळा आलात कशाला?"

मनीषाने समोरचं पान दाखवलं. 'मादी. हिवाळा. सकाळी सात. स्वतःहून.' पुढे लिहिलं होतं, 'राहण्याची जागा –' आणि तिथे कोरं.

"हे का नाही भरलं?"

"म्हटलं… तुझ्या आईला विचारून भरावं."

"विचारायचं काय त्यात?" भागुबाई पदराला हात पुसत आल्या. "लिही गं, आमचंच घर लिही. पेनाने लिही हां, पेन्सिलीने नको."