चंद्राच्या पाठीवरची दुपार

“मी गेले की अमावास्येला, ऊन डोक्यावर आलं म्हणजे, ओंजळभर पाणी सोड माझ्या नावानं. श्रीधर करील घरचं सगळं, पण तुझ्या हातचं वेगळं. आणि पितर चंद्रावरच राहतात म्हणे. मला काही लांब पडायचं नाही.”

आई हे बोलली तेव्हा पडद्यावर नुसती तिची हनुवटी दिसत होती. फोन नीट धरायला तिला शेवटपर्यंत जमलं नाही. मालिनीताईंनी “हो गं” म्हटलं. आठवड्याभरात आई गेली.

मालिनीताई चंद्राच्या पाठीवर राहत होत्या. चंद्र आपली एकच बाजू सदा पृथ्वीकडे ठेवतो. दुसरी बाजू पृथ्वीवरून कधी दिसत नाही, आणि तिथून पृथ्वीही दिसत नाही. पृथ्वीवरच्या रेडिओलहरींचा गोंगाट तिथे पोचत नसल्यामुळे ताऱ्यांचे संकेत ऐकणारी वेधशाळा तिथे बांधली होती. त्या जागेला सगळे ‘पाठवस्ती’ म्हणत. अकरा माणसं, आणि त्यांना जेवू घालणाऱ्या मालिनीताई. घड्याळातली पहाट झाली की जप, एकादशीला उपास, हे त्यांनी तिथेही सोडलं नव्हतं. बारा वर्षांत हाडं मात्र इतकी विरली होती, की पृथ्वीवर परतायची परवानगी आता कुठलाच डॉक्टर देणार नव्हता.

अमावास्येच्या आदल्या दिवशी त्या लाडवांचा डबा घेऊन वेधशाळेच्या प्रमुखांकडे गेल्या. डॉ. नसीमा मुजावर मिरजेच्या.

“नसीमा, इथली दुपार कधी गं?”

“मालूताई, इथे सूर्य उगवला की चौदा दिवस मावळत नाही. दुपार महिन्यातून एकदाच.”

“अगं, अमावास्येची विचारतेय मी.”

“तीच ती! उद्या सूर्य बरोब्बर डोक्यावर येईल. आणि हे मी नाही शोधलं. तुमच्या जुन्या ज्योतिर्विदांनी लिहून ठेवलंय. पितर चंद्राच्या वरच्या, म्हणजे या पलीकडच्या अंगाला राहतात, त्यांचा एक दिवस म्हणजे आपला एक महिना, आणि अमावास्या ही त्यांची दुपार.”

“त्यांना कसं कळलं? इथे आले होते थोडेच!”

“बांबूची नळी, जमिनीत रोवलेली काठी, आणि वेळ मोजायला पाण्यात हळूहळू बुडणारी भोकाची वाटी. एवढ्यावर वर्षानुवर्षं चंद्र पाहत बसले. त्याला स्वतःचा उजेड नाही, हे ओळखलं.” नसीमानं एक लाडू उचलून दिव्याखाली धरला. “पृथ्वीकडची बाजू जसजशी अंधारते, तसतशी ही पलीकडची उजळत जाते. अमावास्येला अलीकडे ठार अंधार, म्हणजे पलीकडे सूर्य ऐन माथ्यावर.” आणि तिनं लाडू तोंडात टाकला.

“पुरावाच खाल्लास की गं!” मालिनीताई हसल्या.

त्याच संध्याकाळी उपग्रहामार्फत घरचा फोन लागला. भाऊ श्रीधर पडद्यासमोर आलाच नाही, वहिनीच पुढे आल्या.

“वन्सं, राग मानू नका. परवा सासूबाईंचं मासिक झालं, त्यातच तुमचाही विधी उरकला. गुरुजी म्हणाले, बारा वर्षं जो घरी फिरकला नाही आणि परत यायचा नाही, तो गेला असं धरून त्याचं करून टाकावं. दर्भाचा पुतळा केला तुमचा. यांचा धीर होत नव्हता, पण घरात लग्नाच्या मुली, उगाच दोष नको. घोसाळ्याची भजी केली होती हं, तुमच्या आवडीची.”

“कावळा शिवला?” मालिनीताईंनी विचारलं.

दोन-तीन सेकंदांनी उत्तर आलं. “लग्गेच!” वहिनी कौतुकानं म्हणाल्या.

मालिनीताई स्वयंपाकघरात दिवा न लावता बसून राहिल्या. नसीमा पाणी प्यायला आली, तेव्हा त्यांनी सगळं सांगितलं.

“आईला शब्द दिलाय मी. पण ज्याचं स्वतःचंच उरकलं, त्यानं पाणी द्यायचं नसतं. त्यानं घ्यायचं असतं.”

नसीमानं पेला खाली ठेवला. “त्या लोकांनी इथल्या रहिवाशांची दुपार अगदी अचूक मोजली,” ती म्हणाली. “फक्त ते रहिवासी जिवंत असतील, असं त्यांच्या मनात आलं नाही.”

“श्रीधरनं परवा माझ्या नावानं पाणी सोडलं असेल. मला थेंब पोचला नाही, नसीमा.” मालिनीताईंचा आवाज खाली गेला. “मग त्यानं आईला दिलेलं तरी कुठे पोचत असेल? तहानलेलीच असेल ती.”

दुसऱ्या दिवशी त्यांनी आपल्या वाट्याचं पिण्याचं पाणी बाटलीत भरलं. नसीमानं त्यांच्या अंतराळपोशाखाच्या कड्या दोनदा तपासल्या.

“बाहेर हवा नाही, मालूताई. पाणी जमिनीला लागायच्या आधीच त्याची वाफ व्हायला लागेल.”

“पितर वाफच घेतात गं.”

दार सरकलं. समोर राखाडी माळ पसरला होता. मालिनीताईंनी सवयीनं खाली पाहिलं. पायाशी सावली नव्हती. बाटली छातीशी धरून त्या एकट्याच चालू लागल्या.