लागलं तर मागा

२००७ साली इंग्लंडच्या शाळेत इयर नाइनला आम्हाला हिस्टरीचा प्रोजेक्ट होता, जेम्सटाउनचा. चारशे वर्षांपूर्वी इंग्लंडहून अमेरिकेत वस्ती करायला गेलेले लोक रोज काय खायचे? मी सगळ्यांच्या आधी हात वर केला. त्या वर्षी मी सगळ्यालाच हात वर करायचे.

काय खायचे, तर मक्याची पेज. ती संपल्यावर घोडे, मग उंदीर. एका हिवाळ्यात तर बुटांचं चामडं उकळून.

शनिवारी दुपारी साउथहॅम्प्टनच्या आमच्या किचनमध्ये मी तशी पेज शिजवली.

"चिमूटभर मीठ तरी घाल गं तनू," आई म्हणाली.

"अगं, ऑथेंटिक आहे ते!"

आम्ही तिघंच, म्हणून टेबलाची चौथी खुर्ची रिकामी असायची. तिच्यावर जेम्सटाउनचा माणूस बसलाय असं धरून, तिच्यापुढे लाकडी वाटीत पेज वाढून मी अख्खं प्रेझेंटेशन त्या खुर्चीलाच करून दाखवलं. शेवटी पाहुण्यांना म्हणतो तसं सवयीने तोंडातून गेलं, "सावकाश होऊ द्या. लाजू नका, लागलं तर मागा."

आई हसली. "गोऱ्याला मराठीतून आग्रह?"

"चारशे वर्षं उपाशी आहे तो. कळेल त्याला!"

सोमवारी वर्गात मी धमाल केली. घरी येऊन पाहिलं, तर टेबलावरच राहिलेल्या वाटीतली पेज तेवढीच होती. वास मात्र गेला होता. बोट लावून चाखली तर ओला कागद चाटल्यासारखं वाटलं. मी ती फेकून दिली.

आई हॉस्पिटलातल्या मराठी डॉक्टरांना डबे द्यायची. तिच्या हाताला चव आहे असं सगळे म्हणायचे. बुधवारी डबे अर्धे भरलेले परत आले.

"वहिनी, मीठ राहिलं वाटतं," त्या डॉक्टरांपैकीच एक, सतीशकाका, बिचकत म्हणाले.

गुरुवारी माझ्या डोळ्यांदेखत तिने आमटीत तीन चमचे मीठ घातलं. तरी आमटी अळणीच.

मग मी नीट तपासलं. पाकिटातले बटाट्याचे क्रिस्प्स खारट लागायचे. तेच आईने बशीत काढून दिले की काहीच नाही. आणि चौथी खुर्ची रोज गॅसच्या थोडी जवळ सरकलेली असायची. मी ती मागे ओढायचे.

शुक्रवारी दोन डॉक्टरांनी डबा बंद केला. आई ओट्याशी आपले तळहात पाहत उभी होती.

"माझ्या हाताला काय झालं गं?"

पाहुण्याला बोलावलं होतं मी.

आमच्याकडे ताकभात शेवटी असतो. त्यानंतर कुणी काही मागत नाही. शनिवारी आई दुकानात गेल्यावर मी स्वतः ताकभात कालवला, त्याच वाटीत वाढला. "आता हात धुवा," मी खुर्चीला म्हणाले. पुढचं "पुन्हा या" जिभेवर आलं होतं. गिळलं.

पाणी आणायला वळले. परत पाहते तर वाटी नव्हती.

आई कुणाचं भांडं रिकामं परत देत नाही. निदान चमचाभर साखर तरी घालते. पाहुण्यालाही ती रीत कळली असावी.

रविवारी दुपारी वाटी ओट्यावर होती. गरम होती. आत तपकिरी पाणी आणि तळाशी चामड्याचे बारीक, नीट कापलेले तुकडे. त्यांना शिवणीची भोकं होती.

मी बोट बुडवून चाखलं.

आईच्या हाताची चव. अगदी तीच.

"वरण आजही तसंच," आई रडवेल्या आवाजात म्हणाली आणि डोळे पुसायला वर गेली.

मी वाटीतलं फक्त पाणी ओतलं वरणात. गाळणीने गाळून.

"आसावरी! जमलं बघ आज!" पहिल्याच घासाला बाबा ओरडले. आई हसली, मग रडली, मग भुकेल्यासारखी जेवली. मी मात्र भूक नाही म्हणाले.

बाबांनी दुसऱ्यांदा वरण घेतलं. मग ते बराच वेळ काहीतरी चावत राहिले.